स्तनाचा कर्करोग: उपचाराचा खर्च, पगार आणि अपंगत्वाचे कागद कोणत्या क्रमाने हाताळायचे

बायोप्सीचा रिपोर्ट आला की घरातले लोक धावपळ करून पैसे जमवतात, डिपॉझिट भरतात, शस्त्रक्रिया उरकतात आणि महिन्याभराने कुणीतरी सुचवले म्हणून योजनेच्या खिडकीवर जातात. तिथे उत्तर मिळते, "आधी यायला हवे होते." हे उत्तर नियमाला धरूनच असते. महाराष्ट्रात कर्करोगासाठी मिळणारी जवळजवळ सगळी मोठी मदत आधी मंजूर होते, थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते आणि पुढच्या खर्चासाठीच असते. स्वतः भरलेल्या बिलाचे पैसे परत मिळण्याची सोय मुख्यतः मेडिक्लेममध्ये आणि सरकारी नोकरांच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीत आहे.

म्हणून इथे भर क्रमावर आहे. घरातल्या एका माणसाने ही कागदांची जबाबदारी पूर्णपणे स्वतःकडे घ्यावी. पेशंट बाईवर ती टाकू नये आणि चार नातेवाइकांत वाटूनही देऊ नये. वाटलेले काम कर्करोगाच्या फाईलमध्ये हमखास मध्येच अडकते.

सावध: कागदांसाठी उपचार लांबवू नका. रिपोर्ट आल्यापासून पहिली केमो किंवा शस्त्रक्रिया होईपर्यंत स्कॅन, रक्ततपासण्या, डॉक्टरांची चर्चा यांत काही दिवस जातातच. खालचे पहिले चार टप्पे त्याच दिवसांत उरकायचे आहेत.

## टप्पा १: नाव सगळीकडे एकच करा

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते नावावर. आधारवर सासरचे नाव, पॅनवर माहेरचे, रेशनकार्डावर नाव चढवलेलेच नाही आणि बायोप्सीच्या रिपोर्टवर लॅबवाल्याने घाईत लिहिलेले भलतेच स्पेलिंग. "सुनीता" आणि "सुनिता" यांत आपल्याला फरक वाटत नाही, संगणकाला वाटतो.

पहिल्या दिवशी टेबलावर हे कागद शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळवा:

- आधार कार्ड (मोबाइल नंबर जोडलेला आणि चालू असलेला)
- रेशनकार्ड, आणि त्यात पेशंटचे नाव आहे की नाही
- पॅन कार्ड
- बँक पासबुक, आधारशी जोडलेल्या खात्याचे
- विवाह नोंदणी दाखला
- बायोप्सी आणि तपासण्यांचे रिपोर्ट
- मेडिक्लेम असल्यास पॉलिसी

रुग्णालयात नोंदणी करताना केसपेपरवर आधारवरचेच नाव सांगा. घरात हाक मारायचे नाव एकदा केसपेपरवर चढले की तेच पुढे डिस्चार्ज कार्डावर, बिलावर आणि प्रमाणपत्रावर उतरते. आधीच्या लॅबच्या रिपोर्टवर चूक असेल, तर आधार दाखवून तो दुरुस्त करून घ्या. लॅब हे करून देते, फक्त लगेच मागावे लागते.

रेशनकार्डात नाव नसेल तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत किंवा शहरात शिधावाटप कार्यालयात त्याच दिवशी अर्ज टाका. लग्न होऊन वर्षे झाली तरी सुनेचे नाव माहेरच्याच कार्डावर राहिलेले असते. तसे असेल तर आधी तिकडून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. दोन वेगळ्या तालुक्यांचे काम असल्याने याला सर्वांत आधी हात घाला.

दुसरा कागद उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदारांचा लागतो. अर्ज आपले सरकार संकेतस्थळावर किंवा सेतू केंद्रात होतो. सरपंचाचा, नगरसेवकाचा किंवा मालकाने लेटरहेडवर लिहून दिलेला दाखला चालत नाही. दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा आहे ते पाहा. उपचार मार्चमध्ये सुरू झाले, तर एप्रिलमध्ये नवा काढावा लागेल, हे आत्ताच वहीत लिहून ठेवा.

तपासा: सगळ्या कागदांचे फोटो एका फोल्डरमध्ये, झेरॉक्सचे पाच संच एका फाईलमध्ये. मूळ कागद कुणाकडेही सोडून येऊ नका.

## टप्पा २: पूर्ण उपचाराचा अंदाज लेखी घ्या

"ऑपरेशनला किती लागतील?" हा प्रश्न अपुरा आहे. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया हा खर्चाचा एक भाग असतो आणि पुष्कळदा सर्वांत मोठाही नसतो. डॉक्टरांना पुढचे प्रश्न एकेक करून विचारा:

१. शस्त्रक्रिया कोणती, स्तन वाचवणारी की पूर्ण काढणारी? पुनर्रचना करायची असल्यास ती त्याच वेळी की नंतर?

२. केमोची किती आवर्तने, किती आठवड्यांच्या अंतराने? तीन आठवड्यांनी एक आणि दर आठवड्याला एक यांत औषधाच्या खर्चाइतकाच प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा फरक पडतो.

३. हर-टू चा (गाठीच्या पेशींवर आढळू शकणाऱ्या एका प्रथिनाचा) रिपोर्ट काय? तो पॉझिटिव्ह असेल, तर त्यावरच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाची इंजेक्शने साधारण वर्षभर, दर तीन आठवड्यांनी चालतात. रिपोर्टवर "२+" असेल, तर फिश नावाची पुढची तपासणी होईपर्यंत उत्तर अर्धवट आहे. ती येण्याआधी काढलेला कोणताही आकडा धरून चालू नका.

४. रेडिएशन लागेल का, किती दिवस? बहुधा तीन ते पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस. गावाहून येणाऱ्यांसाठी हा मुक्कामाचा खर्च असतो.

५. नंतर हार्मोनच्या गोळ्या किती वर्षे? पाच ते दहा वर्षे चालू शकतात. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल यांसारख्या गोळ्या जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतात, त्यामुळे घाबरू नका, पण हिशेबात धरा.

ट्रास्टुझुमॅबच्या बाबतीत मूळ कंपनीचे औषध आणि बायोसिमिलर (दुसऱ्या कंपनीने बनवलेले तशाच गुणाचे औषध) यांच्या किमतीत मोठे अंतर असते. "बायोसिमिलर चालेल का?" हा प्रश्न डॉक्टरांना उघडपणे विचारा. तो विचारण्यात कमीपणा नाही आणि डॉक्टरांनाही त्यात वावगे वाटत नाही.

मग अंदाजपत्रक लेखी मागा, रुग्णालयाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्याचे, तारखेसह. त्याच्या चार-पाच मूळ प्रती घ्या, कारण मदत करणारा प्रत्येक निधी आणि ट्रस्ट मूळ प्रतच मागतो.

सावध: रुग्णालय बदलायचे असेल, तर ते उपचार सुरू होण्याआधीच. निघताना बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड (काढलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) मागून घ्या. नवे रुग्णालय ते पुन्हा तपासते, आणि ब्लॉक नसेल तर बायोप्सी आणि तिचा खर्च दोन्ही नव्याने सोसावे लागतात.

## टप्पा ३: मुख्य दार ठरवा

बिल मुख्यतः कोण भरणार, हे एकदा ठरवायचे असते. पुढच्या क्रमाने पाहत जा. पहिले लागू पडणारे दार धरा.

ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. पेशंटच्या पगारातून ईएसआयसी कापली जाते का? तिच्या नसेल, तर पतीच्या किंवा तिला सांभाळणाऱ्या मुलाच्या पगारातून? पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे आणि विमाधारकाच्या कुटुंबालाही उपचार मिळतात. नवरा कारखान्यात, ईएसआयसी चालू, आणि बायकोचे उपचार मात्र कर्ज काढून खासगीत, असे नेहमी घडते. आधी ईएसआयसीच्या दवाखान्यात जा. तिथून त्यांच्या रुग्णालयात आणि गरज पडल्यास करार असलेल्या कर्करोग रुग्णालयात संदर्भचिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी न घेता परस्पर दाखल झालात, तर ते बिल आपलेच.

सरकारी नोकरी. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याने दाखल होण्याआधी कार्यालयाला लेखी कळवावे, रुग्णालय मान्यताप्राप्त यादीत आहे का पाहावे आणि अग्रिमाची (आगाऊ रकमेची) चौकशी करावी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही आता आयुष्मान भारतबरोबर एकत्र चालते. १ जुलै २०२४ पासून पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्याही रेशनकार्डधारकांना ती लागू आहे. संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये. "आमचे पांढरे कार्ड आहे, आम्हाला काही मिळत नाही" ही समजूत जुनी झाली. सत्तरी ओलांडलेल्या बाईंसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्नाची अट न ठेवता निघते.

इथे क्रम असा ठेवा:

१. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या हेल्पलाइनवर विचारा की अमुक रुग्णालय कर्करोगासाठी योजनेत आहे का. रुग्णालयाबाहेर योजनेचा फलक असणे पुरेसे नाही. ते फक्त मूत्रपिंडाच्या किंवा हाडांच्या आजारांसाठीही जोडलेले असू शकते.

२. डिपॉझिटच्या काउंटरवर जाण्याआधी आरोग्यमित्राचे (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाचे) टेबल शोधा. रेशनकार्ड, आधार, बायोप्सी रिपोर्ट द्या.

३. पूर्वमंजुरी रुग्णालय पाठवते. ती आली का, हे तुम्ही रोज विचारायचे. अर्ज शंका काढून परत आला असेल आणि कुणी सांगितलेच नसेल, असे बरेचदा होते.

४. केमोच्या आवर्तनांना आणि रेडिएशनला स्वतंत्र मंजुऱ्या लागतात. प्रत्येक डिस्चार्जच्या वेळी पुढच्या आवर्तनाची तारीख आरोग्यमित्राला सांगूनच बाहेर पडा.

५. हर-टू चे इंजेक्शन सुचवलेले असेल, तर ते तुमच्या पॅकेजमध्ये बसते का, हे पहिल्याच दिवशी विचारा.

सावध: मंजुरी मिळाल्यावर त्याच उपचारासाठी "वरचे थोडे भरा" असे कुणी म्हटले, तर लेखी मागा आणि हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या.

मेडिक्लेम. केमो दिवसभरात होऊन घरी जाता येते, तरी ती डे-केअर म्हणून पॉलिसीत बसते. पाहायच्या गोष्टी तीन. खोलीच्या भाड्याची मर्यादा: वरची खोली घेतली, तर बाकीचे बिलही त्याच प्रमाणात कापले जाते. तोंडाने घ्यायची केमो आणि अँटिबॉडीची (ट्रास्टुझुमॅबसारखी) इंजेक्शने: यांना पॉलिसीत वेगळी उपमर्यादा असू शकते. दाखल होण्याआधीच्या आणि नंतरच्या तपासण्या: बहुधा ३० आणि ६० दिवसांपर्यंत मिळतात, म्हणून बायोप्सीची पावती जपून ठेवा.

आणि एक ओळ, जिच्यावर सर्वाधिक दावे फेटाळले जाताना दिसतात: केसपेपरवरची "गाठ किती दिवसांपासून?" ही नोंद. तिथे खरेच सांगा, पण आठवून, नेमके सांगा. घाबरलेल्या अवस्थेत "झाली असतील दोनेक वर्षे" असे अंदाजाने बोलले गेले आणि पॉलिसी वर्षाचीच असली, तर विमा कंपनी तेवढेच वाक्य धरून बसते. नोंद चुकीची झाली असेल, तर डॉक्टरांना त्याच भेटीत सांगून दुरुस्त करून घ्या.

गंभीर आजाराची वेगळी पॉलिसी असेल, तर तिचा दावा बिलांवर नसून निदानावर असतो. मात्र कर्करोग दुधाच्या नलिकेतच असलेला, पुढे न पसरलेला असेल, तर अशा सर्वसाधारण पॉलिसीच्या व्याख्येत तो बसत नाही. गृहकर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमाही कपाटातून काढून वाचा. कधी त्यात गंभीर आजाराचे कलम असते.

धर्मादाय रुग्णालय. वरचे काहीच लागू नसेल, किंवा हवे ते उपचार योजनेत नसतील, तर हे दार. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली धर्मादाय नोंदणीच्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वर्षाला १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये. नावाजलेली, चकचकीत रुग्णालयेही यात येतात. दाखल होतानाच वैद्यकीय समाजसेवकांना भेटा आणि अर्ज लेखी द्या. खाट नाही म्हणाले, तर नकार लेखी मागा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात जा.

टाटा मेमोरियलला जाणार असाल, तर नोंदणीच्या वेळीच जनरल की प्रायव्हेट हे ठरवावे लागते. लवकर नंबर लागेल या आशेने प्रायव्हेट घेतले आणि दोन महिन्यांनी पैसे संपले, तर जनरलमध्ये येणे सोपे नसते. वर्षभराचा हिशेब करून मगच खिडकीवर बोला.

## टप्पा ४: कमी पडणाऱ्या रकमेसाठी निधी

मुख्य दार ठरल्यावर खालची भर. उलट केले, म्हणजे आधी निधीसाठी अर्ज आणि मग योजनेची चौकशी, तर निधीचे कार्यालय पहिला प्रश्न हाच विचारते की हे उपचार जन आरोग्य योजनेत होत असताना इकडे का आलात.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या वैद्यकीय कक्षाकडे अर्ज करायला लागते ते असे: विहित अर्ज, मूळ अंदाजपत्रक (खासगी रुग्णालयाचे असल्यास जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रमाणित केलेले), तहसीलदारांचा उत्पन्न दाखला (मर्यादा वर्षाला १ लाख ६० हजार), पेशंटचे आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट आणि रुग्णालयात असतानाचा जिओ टॅग केलेला (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो. रुग्णालय निधीच्या यादीत हवे. आता यासाठी मंत्रालय गाठायची गरज नाही. जिल्हाधिकारी कार्यालयांत कक्ष आहेत. डिस्चार्जनंतर अर्ज करून उपयोग नाही.

पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधीही झालेला खर्च देत नाही, पुढच्या उपचारांचाच देतो. सिद्धिविनायक मंदिर न्यासासारखे ट्रस्ट वैद्यकीय मदत करतात. धनादेश रुग्णालयाच्या नावे निघतो. घरात कुणी नोंदित बांधकाम कामगार असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळाकडून गंभीर आजारासाठी १ लाख रुपयांपर्यंत साहाय्य आहे. कामगाराच्या कुटुंबालाही ते मिळते, फक्त नोंदणीचे नूतनीकरण चालू हवे.

तपासा: एका वहीत चार रकाने: कुणाकडे अर्ज, तारीख, पोच क्रमांक, मिळालेली रक्कम. एकाच रकमेसाठी दोन ठिकाणी मागणी होऊ देऊ नका. दोन मेडिक्लेम असतील, तर पहिल्याने न दिलेली उरलेली रक्कम त्यांचे सेटलमेंट पत्र जोडून दुसऱ्याकडे मागता येते. ते वैध आहे.

## टप्पा ५: नोकरी आणि पगार

सावध: राजीनामा देऊ नका. बॉसने "आराम करा, आजार महत्त्वाचा" असे प्रेमाने म्हटले तरी नाही. राजीनाम्याबरोबर ईएसआयसीचा रोख लाभ, कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आणि रजेचा हक्क एका दिवसात जातात. ज्या आजारासाठी बाहेर नवी पॉलिसी मिळणे अवघड, त्याच आजाराला ग्रुप पॉलिसी आज संरक्षण देत असते. नोकरी सोडणे टळतच नसेल, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याचा अर्ज शेवटच्या दिवसाआधी द्या.

ईएसआयसीत असलेल्या बाईला दोन लाभ आहेत आणि ते याच क्रमाने येतात. आधी साधा आजार लाभ: पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, त्यासाठी संबंधित सहामाहीत ७८ दिवसांचे योगदान लागते. तो संपल्यावर विस्तारित आजार लाभ: कर्करोग त्याच्या ३४ आजारांच्या यादीत आहे, दर पगाराच्या ८० टक्के, मुदत दोन वर्षांपर्यंत. अट दोन वर्षे सलग नोकरी आणि मागच्या चार योगदान कालावधींत (सहामाहींत) १५६ दिवसांचे योगदान. पुष्कळ जणी ९१ दिवसांनंतर पैसे थांबले की लाभ संपला असे समजून कामावर परततात, केमो अर्धी बाकी असताना. साठावा दिवस उलटला की शाखा कार्यालयात विस्तारित लाभाची चौकशी सुरू करा. प्रमाणपत्रे ईएसआयसीच्या डॉक्टरांकडून, मध्ये खंड न पडू देता घ्या. खासगी डॉक्टरची चिठ्ठी आपोआप चालत नाही.

ईएसआयसी नसलेल्या खासगी नोकरीत रजा बहुतेक कंपनीच्या नियमांवर असते. केमोचे वेळापत्रक जोडून एकच लेखी अर्ज द्या: कोणत्या तारखा पूर्ण रजा, कोणत्या आठवड्यांत घरून काम, परतण्याचा अंदाज. तोंडी कबुलीवर विसंबू नका, माणसे बदलतात. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९८१ च्या रजा नियमांत कर्करोगासाठी स्वतंत्र सवलत आहे. आस्थापना शाखेत तीच नाव घेऊन मागा, नाहीतर साधी अर्जित रजा खर्ची पडते.

भविष्य निर्वाह निधीतून आजारपणासाठी आगाऊ रक्कम ऑनलाइन मागता येते. यूएएनला (पीएफच्या खाते क्रमांकाला) आधार आणि बँक खाते जोडलेले, नाव जुळलेले हवे. इथे आगाऊ रकमेचाच पर्याय निवडा. खाते बंद करण्याचा नव्हे.

आजारामुळे कायमचे अपंगत्व येऊन नोकरी सोडावी लागली, तर ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट लागत नाही. सरकारी आस्थापनेत तर सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून काढताच येत नाही. जमेल अशा दुसऱ्या पदावर, त्याच वेतनावर सामावून घ्यावे लागते.

## टप्पा ६: अपंगत्वाचा दाखला, कुणाला आणि केव्हा

या बाबतीत गैरसमज सर्वांत जास्त आणि एजंटही सर्वांत जास्त.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. कर्करोग त्यांत स्वतंत्र प्रकार म्हणून नाही. "स्तन काढला, म्हणजे दाखला मिळेल" हे खरे नाही. केमो चालू असणे, केस जाणे, थकवा यांवरही मिळत नाही. दाखला मिळतो तो शरीराच्या हालचालीवर कायमचा परिणाम उरला तर: काखेतल्या गाठी काढल्यानंतर हाताला टिकून राहिलेली सूज, खांद्याची हालचाल बंद होणे, किंवा आजार मणक्यात पसरून चालणे थांबणे. तो अस्थिव्यंगाखाली मोजला जातो आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के लागतात.

म्हणून केमोच्या मध्यावर अर्ज करू नका. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि फिजिओथेरपी झाल्यावरही हात वर जात नसेल, तर तेव्हा करा. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज, मग जिल्हा रुग्णालयात वैद्यकीय मंडळासमोर तपासणी. सोबत शस्त्रक्रियेची टिपणे, फिजिओथेरपिस्टने महिन्यागणिक मोजलेला हाताचा घेर आणि खांद्याच्या हालचालीचे अंश न्या. मंडळाला आजाराचे नाव नको असते, मोजमाप हवे असते. दाखला ठरावीक मुदतीचाही असू शकतो. तसा असेल तर मुदतीआधी पुन्हा तपासणी करून घ्या.

अपंगत्वाच्या दाखल्याशिवायही मिळू शकणारी गोष्ट म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. तिच्या निकषांत कर्करोगासारख्या दुर्धर आजाराच्या व्यक्तींचा समावेश आहे. महिना १,५०० रुपये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत. वय ६५ च्या आत. महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० आहे. अर्ज तहसील कार्यालयात, सोबत शासकीय रुग्णालयाचा आजाराचा दाखला. लाडकी बहीण योजनेचे १,५०० चालू असतील, तर दोन्ही एकत्र घेता येत नाहीत, हे आधीच लक्षात घ्या.

सावध: "पाच हजारांत टक्केवारी वाढवून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खोट्या दाखल्याबद्दल कायद्यात शिक्षा आहे, आणि ती दाखला वापरणाऱ्या बाईला भोगावी लागते.

## टप्पा ७: घरचा पैसा

शस्त्रक्रियेच्या आधी एक काम आवर्जून करा. काखेतल्या गाठी उजव्या बाजूने काढणार असतील, तर काही आठवडे सही नीट होणार नाही, आणि बँक न जुळलेली सही परत पाठवते. खाते संयुक्त, दोघांपैकी कुणीही चालवू शकेल असे करून घ्या. नामनिर्देशन सगळ्या खात्यांत तपासा. हे अशुभ नाही. अर्ध्या तासाचे बँकेचे काम आहे.

पैसे कुठून काढायचे, याचा माझा क्रम: आधी बचत आणि छोट्या मुदत ठेवी, मग विमा पॉलिसीवरचे कर्ज, मग सोनेतारण, आणि अगदी शेवटी वैयक्तिक कर्ज. पीपीएफ खाते पाच वर्षांनंतर गंभीर आजारासाठी मुदतीआधी बंद करता येते, पण व्याज एक टक्क्याने कमी धरतात. क्रेडिट कार्डावर केमो भरू नका. शेत विकायचा निर्णय पहिल्या महिन्यात घेऊ नका. घाईत काढलेल्या जमिनीला भाव पाडून मागणारे गावातच असतात. कर्जाचा हप्ता जमणार नसेल, तर तो चुकण्याआधी वैद्यकीय कागद घेऊन बँकेत जा. चुकल्यानंतर तीच बँक वेगळ्या भाषेत बोलते.

औषधे घेताना जनऔषधी आणि अमृत या स्वस्त औषधांच्या सरकारी दुकानांत भाव विचारा. बिल नेहमी पेशंटच्या नावाचे, बॅच नंबरसह घ्या. मेडिक्लेमला मूळ बिले देण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढा.

## टप्पा ८: प्रवास आणि मुक्काम

रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान आणि थ्री एसीत पूर्ण, तर सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालय विहित नमुन्यात प्रमाणपत्र देते, तिकीट आरक्षण खिडकीवर काढावे लागते. प्रमाणपत्र परतीच्या प्रवासासाठीही लागते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा केमोच्या दिवशीच मागून ठेवा. एसटीत महिलांना ५० टक्के सवलत आहेच. कर्करुग्णांची सवलत ७५ टक्के, त्यासाठी दाखला जवळ हवा.

मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन आहे. दोन्हीकडे गर्दी असते. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचे पत्र घेऊन जा आणि रेडिएशनची तारीख ठरली की त्याच दिवशी नाव नोंदवा.

## टप्पा ९: उपचार संपत आल्यावर

जुन्या करप्रणालीत असाल, तर ८०डीडीबी नावाने ओळखली जाणारी वजावट कर्करोगाच्या खर्चावर मिळते: ४०,००० पर्यंत, पेशंट साठ वर्षांवरील असल्यास १ लाखापर्यंत. विम्याने दिलेली रक्कम वजा होते. कर्करोगतज्ज्ञांचे विहित प्रमाणपत्र मार्चमध्ये न मागता उपचार चालू असतानाच घ्या. ४० टक्क्यांचा दाखला निघाला असेल, तर दिव्यांगांसाठीची ७५,००० ची वजावट वेगळी आहे. नव्या करप्रणालीत या दोन्ही नाहीत, म्हणून वर्ष सुरू होतानाच दोन्हीकडचा आकडा मांडून पाहा.

विम्याचा दावा नाकारला गेला असेल, तर कारण लेखी घ्या, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. कार्यालये मुंबई आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकील लागत नाही, पण मुदत एक वर्षाची आहे.

पॉलिसीचे नूतनीकरण मात्र एक दिवसही चुकू देऊ नका. दावा घेतला या कारणावरून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, पण हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली, तर पुन्हा घेणे फार अवघड. बँकेतून आपोआप कापले जाईल अशी सोय असली तरी केमोच्या वर्षात खात्यात पैसे नसण्याची शक्यता असते. म्हणून मुदतीच्या दोन आठवडे आधीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि हप्ता स्वतः भरून पावती फाईलला लावा.